एआरटीची फाइल वेगळी, शुगरची फाइल वेगळी: हे आधी बदला

पत्र

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४७. मालक वारले त्या वर्षी, २०१२ साली, माझी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू झाली. आधी झेडएलएन नावाची गोळी होती, २०२१ पासून टीएलडी नावाची आहे. व्हायरस नेहमी दबलेलाच येतो. वजन ४७ किलोवरून ५४ वर गेलं. दिवाळीनंतर गावात शिबिर झालं. त्यात उपाशीपोटी शुगर १८६, जेवणानंतर २७४ आणि बीपी १५२/९४ निघालं. तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांनी शुगरची जोडगोळी दिली, त्यावर ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन १००० असं लिहिलं आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक. बीपीसाठी अॅम्लोडिपिन ५. क्रिएटिनिन १.१ आहे, नॉर्मल आहे म्हणाले. एआरटीचं त्यांना सांगितलं नाही, त्यांचा कंपाउंडर आमच्याच गावचा आहे. गोळ्या सुरू झाल्यापासून दिवसाला चार-पाचदा जुलाब होतात. कापूस वेचताना अकरा-बाराच्या सुमारास हातपाय कापतात, घाम फुटतो. दोन्ही औषधं एकमेकांना जमत नाहीत असं वाटून चार दिवस रात्रीची टीएलडी बंद ठेवली. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणते, हंगामात रोज एक-दोन. कॅल्शियमची गोळी टीएलडीसोबतच घेते. तंबाखूचा खर्राही सुटत नाही. टीएलडीमुळेच शुगर झाली का? कोणती गोळी सोडू? आणि घरी सासूबाईंना काय सांगू, त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

*एक वाचक भगिनी*

उत्तर

ताई, टीएलडी आज रात्रीपासून परत सुरू करा. चार दिवसांच्या राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत, नेहमीच्या वेळेला नेहमीची एकच घ्यायची. दोन औषधं एकमेकांना जमत नाहीत हा तुमचा अंदाज बरोबर आहे, पण बंद करायला तुम्ही नेमकी चुकीची गोळी निवडलीत.

टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. मेटफॉर्मिन शरीरातून लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडातल्या ज्या वाटेने ते बाहेर टाकलं जातं, तीच वाट डोल्युटेग्रॅव्हिर अडवतं. त्यामुळे रक्तातलं मेटफॉर्मिन सुमारे ८० टक्क्यांनी वाढतं. तुम्ही दिवसाला २००० मिलिग्रॅम घेता, पण अंगात त्याचा जोर साडेतीन हजारांच्या घरात जातो. जुलाब त्याचेच असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणूनच डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्याला मेटफॉर्मिन दिवसभरात १००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, म्हणजे ५०० सकाळी आणि ५०० संध्याकाळी, जेवणासोबत. तालुक्याच्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. टीएलडीचं त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि ज्याला ते ठाऊक नाही तो डॉक्टर २००० देणारच.

इथे जोडगोळीची आणखी एक अडचण आहे. मेटफॉर्मिन कमी करायला म्हणून तुम्ही एक वेळची गोळी सोडलीत, तर ग्लिमेपिराइडही अर्धं होतं. अर्धी तोडून घ्यावी म्हटलं, तर हळूहळू विरघळणारी गोळी तोडली की औषध एकदम सुटतं. म्हणून दोन्ही औषधं सुटी लिहून घ्यायला हवीत. शेतातली ती थरथर आणि घाम बहुतेक ग्लिमेपिराइडमुळे आहे. सकाळी गोळी, मग चहा-टोस्ट, आठला वावरात आणि भाकरी थेट दुपारी एकला, अशा दिवसाला ते औषध मानवत नाही. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत सकाळी भाकरी-भाजी पोटभर खाल्ल्याशिवाय ती गोळी घेऊ नका. ओचात साखरेची पुडी बांधून ठेवा. थरथर सुटली की तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि सावलीत बसा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर तेवढीच पुन्हा घ्या. बरं वाटल्यावर लगेच काहीतरी खा, कारण या गोळीचा असर तासन्‌तास टिकतो आणि साखर परत उतरू शकते. त्या दिवशी एकटीने वेचणीला परतू नका. सोबतच्या बायकांना सांगून ठेवा की मी बडबडले किंवा निपचित पडले तर तोंडात पाणी ओतायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

उलट्या-जुलाब वाढून पाणीही पोटात टिकत नसेल, तर त्या दिवशी शुगरची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टीएलडी तेव्हाही सोडायची नाही. धाप लागणं, सारखी ओकारी आणि गुंगी ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर गाडी करून निघा. मेटफॉर्मिन साचून रक्तात आम्ल वाढल्याची ती खूण असू शकते. हे क्वचित होतं, पण मूत्रपिंड थकलेलं असेल तर धोका वाढतो.

आता मूत्रपिंडाचंच बोलू, कारण तुमच्या पत्रात आम्हाला सर्वांत जास्त खटकलेला आकडा शुगरचा नाही, १.१ चा आहे. लॅबच्या कागदावर तो नॉर्मलच्या रकान्यात बसतो. पण क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, आणि त्याच्या आकड्याचा अर्थ वय आणि वजनावर ठरतो. १४० मधून वय वजा करा: ९३. त्याला वजनाने, म्हणजे ५४ ने, गुणा: ५०२२. याला ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२ ने भागा. साधारण ६३ येतात. बाईमाणसासाठी त्याला ०.८५ ने गुणायचं, की राहतात ५४. मूत्रपिंड मिनिटाला साधारण एवढे मिलिलिटर रक्त गाळतं. तरण्या, निरोगी माणसाचा हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. टेनोफोव्हिरला साधारण ५० ची सीमा मानतात, त्याखाली डॉक्टर औषध बदलण्याचा विचार करतात. तुम्ही त्या सीमेच्या अगदी जवळ आहात.

लगेच घाबरू नका. डोल्युटेग्रॅव्हिर मूत्रपिंडाला इजा न करताही क्रिएटिनिन ०.१ ते ०.२ ने वर दाखवतं, कारण क्रिएटिनिनही थोडंसं त्याच अडलेल्या वाटेने बाहेर पडतं. म्हणून एकटा १.१ बघून काही ठरत नाही. २०२१ च्या आधी किती होतं, टीएलडी सुरू झाल्यावर किती झालं आणि त्यानंतर चढत गेलं का, हे बघावं लागतं. हे जुने आकडे तुमच्या एआरटी केंद्राच्या नोंदीत सापडतील, कारण टेनोफोव्हिर घेणाऱ्यांचं क्रिएटिनिन तिथे ठरावीक काळाने तपासतात. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून जाणारं प्रथिन, तपासायला सांगा. शुगर असणाऱ्याने ही तपासणी दर वर्षी करायचीच असते.

डायक्लोफिनॅक मात्र आजच बंद. टेनोफोव्हिर आणि रोजची दुखण्याची गोळी, वर उन्हातान्हात कमी पाणी आणि जुलाब, एवढ्यावर मूत्रपिंड अचानक बसू शकतं. अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही सगळी त्याच जातीची. गुडघ्याला पॅरासिटामॉल ५०० चालेल, एका वेळी एक किंवा दोन, दिवसभरात सहाच्या वर नाही. वरून लावायचं मलम चालेल. गावोगावी पांढऱ्या पुडीत दोन-तीन सुट्या गोळ्या मिळतात आणि एका दिवसात गुडघा मोकळा होतो. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. शुगर १८६ ची तीनशेवर न्यायला ते पुरेसं आहे. नाव नसलेली गोळी घ्यायचीच नाही.

टीएलडीमुळे शुगर झाली का? डोल्युटेग्रॅव्हिर सुरू केल्यावर काही जणांची शुगर वाढते हे खरं आहे. पण ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत, तहान आणि लघवी एकदम वाढून लक्षात येते. तुमची काही वर्षांनी निघाली. त्या औषधावर वजन वाढतं, आणि तुमच्या वाढलेल्या सात किलोंचा यात वाटा असणार. झेडएलएनमधलं झिडोव्ह्युडिनही इन्सुलिनचं काम बिघडवणारं होतं. त्यात वय, घराण्यात कोणाला शुगर आहे का ते, आणि एचआयव्ही दबलेला असला तरी अंगात राहणारा बारीक दाह, हे सगळं धरा. एकच गुन्हेगार शोधून हाती काही लागणार नाही. औषध थांबवणं मात्र नक्कीच महाग पडतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात काही जणांची एआरटी अधूनमधून थांबवून पाहिली. त्यांच्यात मृत्यू तर वाढलेच, हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे विकारही वाढले. शिवाय कुणाला हिपॅटायटिस बी असेल, तर टीएलडी अचानक सोडल्यावर यकृत भडकतं.

शुगरची खात्री करताना एक गोष्ट विदर्भातल्यांनी विशेष लक्षात ठेवायची. तीन महिन्यांची म्हणतात ती एचबीएवनसी तपासणी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असणाऱ्यात, आणि काही यंत्रांवर वाहकातही, चुकीचा आकडा देते. रक्त कमी असेल तरी ती फसवते. एचआयव्ही असणाऱ्यांत ती खऱ्यापेक्षा कमी येण्याकडेच झुकते. तुमच्याकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर ते लॅबमध्ये दाखवा. कार्ड नसेल आणि माहेरी कुणाला सिकलसेल असेल, तर सिकलसेलची तपासणी आधी करून घ्या. तोवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी काढलेली शुगर हाच भरवशाचा आकडा. उपाशी १२६ आणि दोन तासांनी २०० या रेषांच्या तुम्ही बऱ्याच वर आहात, त्यामुळे मधुमेहाबद्दल शंका फारशी नाही. औषधावर उपाशी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत आणायची.

बीपीचं तसं नाही. शिबिराच्या रांगेत, चहा पिऊन, तोंडात खर्रा धरून मोजलेलं एकच माप पुरेसं नाही. अर्धा तास आधी चहा-खर्रा नको, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, दंड छातीच्या उंचीवर, दोनदा मोजायचं. असं दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी उपकेंद्रात मोजून लिहून आणा. अॅम्लोडिपिनचं टीएलडीशी भांडण नाही, ती चालू राहू द्या. लघवीत अल्ब्युमिन निघालं तर डॉक्टर टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी देतील, आणि मग एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघायचं.

चाळिशीपुढे आणि मधुमेह, या दोन कारणांनीच तुम्हाला कोलेस्टेरॉलची गोळी लागू पडते, रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नसलं तरी. एचआयव्ही हे तिसरं कारण. २०२३ साली रिप्रीव्ह अभ्यासाचे निकाल आले. ४० ते ७५ वयाचे, हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम असलेले ७,७६९ एचआयव्हीबाधित त्यात होते. रोज पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघातासारखे मोठे झटके ३५ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे अॅटोर्व्हास्टॅटिन सहज मिळतं आणि टीएलडीसोबत चालतं. तुम्ही स्वतःहून विचारल्याशिवाय हा विषय निघेलच असं नाही, म्हणून विचारा.

हे वाचणाऱ्यांपैकी जे एचआयव्हीच्या दुसऱ्या फळीच्या औषधांवर आहेत, म्हणजे अॅटाझानाव्हिर किंवा लोपिनाव्हिर आणि सोबत रिटोनाव्हिर, त्यांनी वरचा हिशेब स्वतःला लावू नये. त्यांना सिम्व्हास्टॅटिन वर्ज्य, अॅम्लोडिपिन कमी मात्रेत, आणि गुडघ्यातलं ट्रायअॅमसिनोलोनचं इंजेक्शन किंवा दम्याचा फ्लुटिकासोनचा पंपसुद्धा धोक्याचा. रिटोनाव्हिर ते स्टेरॉइड अंगात साचवून ठेवतं, तोंड सुजतं, शुगर भडकते.

कॅल्शियम: उपाशीपोटी डोल्युटेग्रॅव्हिर कॅल्शियम किंवा लोहाला चिकटलं की रक्तात कमी उतरतं. भरल्या पोटी दोन्ही एकत्र चालतात, पण तुमच्या एकादशी-चतुर्थीला काय? त्यापेक्षा कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि टीएलडी रात्री नऊला, असं ठेवा. मध्ये सहा तासांचं अंतर आपोआप पडतं. अॅसिडिटीचं पातळ, पांढरं-गुलाबी औषध मात्र जेवणासोबतही एकत्र चालत नाही. ते टीएलडीच्या सहा तास आधी किंवा दोन तास नंतर. पँटोप्राझोलला ही अडचण नाही.

जेवणाचा मोठा तक्ता देत नाही. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी शुगर वाढत नाही, असं आपल्याकडे सर्रास मानतात. वाढते. मध्यम आकाराच्या दोन भाकरी, त्यासोबत घट्ट वरण किंवा चून, आणि भाकरीपेक्षा भाजी जास्त. भात घ्याल त्या वेळी एक भाकरी कमी. चहा चार वेळा होत असेल तर साखर आधी निम्मी करा, मग बंद. मीठ दिवसभरात सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा, खारातली मिरची हे सगळं आलं. वावरात अनवाणी जाऊ नका. झोपण्याआधी तळपाय बघा, पऱ्हाटीचा खुंट टोचलेला कळलासुद्धा नसेल. बधिरपणा असेल तर तो शुगरचा आहे की जुन्या औषधांचा हे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी कुणी फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन लिहून दिलं तर टीएलडीचं नाव लगेच सांगा. ती दोन्ही डोल्युटेग्रॅव्हिरची ताकद उतरवतात.

खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना, तिन्ही आहेत. बीपी चढवायला तंबाखू पुरते, तोंड आखडवायला सुपारी. आपल्या हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. आणि एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर बायांपेक्षा सहापट असतो. ती तपासणी सरकारी दवाखान्यात होते, काही मिनिटांची आहे. केलेली नसेल तर याच फेरीत करून घ्या.

ही फेरी अशी आखा. एआरटी केंद्रात फोन करून याच आठवड्यातला दिवस ठरवा, तीन महिन्यांच्या गोळ्यांच्या तारखेची वाट बघू नका. घरातली प्रत्येक पट्टी, कॅल्शियम, मलम, कुणी दिलेलं कारल्या-जांभळाचं किंवा गुळवेलीचं चूर्ण, सगळं एका पिशवीत घाला. शिबिराचे रिपोर्ट आणि एआरटीचं पुस्तक सोबत घ्या. उपाशीपोटी निघा, भाकरी बांधून घ्या, आणि रक्त देऊन जेवण होईपर्यंत शुगरची गोळी घेऊ नका. एआरटीच्या डॉक्टरांना चार दिवसांचा खंड खरा सांगा, हे ऐकायची त्यांना सवय असते. मग त्यांच्याकडूनच शुगर-बीपीच्या विभागासाठी चिठ्ठी घ्या. जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात दोन्ही विभाग बहुधा एकाच आवारात असतात. एकदा मात्रा बसली की मेटफॉर्मिन आणि अॅम्लोडिपिन प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा उपकेंद्रातून मोफत मिळतात, मेडिकलचा खर्च वाचतो. पुढे कधी क्षयरोगाची औषधं सुरू झाली, तर मात्र रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिर बारा तासांच्या अंतराने दोनदा लागतं आणि शुगरच्या गोळ्यांचाही हिशेब बदलतो. दोन आठवड्यांचा खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा उतरतं वजन, यांपैकी काहीही दिसलं तर एआरटी केंद्रात सांगा.

तालुक्याच्या डॉक्टरांना सांगायचं की नाही? जो डॉक्टर तुम्हाला गोळी लिहून देतो त्याला टीएलडी कळलीच पाहिजे, याला पळवाट नाही. पण त्याच डॉक्टरकडे जायची सक्तीही नाही. कंपाउंडर गावचा असेल तर उपचार सरकारी रुग्णालयात हलवा, आमच्या मते तुमच्यासाठी तेच बरं. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय ही माहिती दवाखान्याबाहेर जाता कामा नये, आणि एचआयव्हीमुळे उपचार नाकारता येत नाहीत. कुणी नाकारले तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा, नाव सांगावं लागत नाही. आशाताई तिशीपुढच्यांचा शुगर-बीपीचा फॉर्म भरायला आल्या, तर त्यांना शुगर-बीपी सांगा, बाकी सांगायची गरज नाही.

सासूबाईंनाही तेवढंच सांगा: शुगर निघाली आहे, बीपी आहे, गोळ्या रोज घ्याव्या लागतात. ते खोटं नाही, आणि रात्री नऊच्या गोळीबद्दलही मग घरात कुणी विचारत नाही. फक्त टीएलडी तिच्या डबीतून काढून दुसऱ्या डब्यात भरू नका. आतली ओल शोषणारी पुडी तिथेच राहू द्या, झाकण घट्ट लावा. वरचं लेबल खटकत असेल तर ते सोलून काढा आणि झाकणावर पेनाने «रात्र» एवढंच लिहा.